परत आलेला डबा

रविवार, रात्री

डबा परत आला. भरलेला.

आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. पण दिलेलं जसंच्या तसं परत आलं तर काय करायचं, हे आईने कधी सांगितलं नव्हतं. पाच भाकऱ्या होत्या, मऊ राहाव्यात म्हणून पंच्यात गुंडाळलेल्या. पाचच्या पाच आल्या. शेजारच्या आँटींचा नातू दारात उभा राहून म्हणाला, "आजी म्हणते थँक्यू, पण हे आमच्या घरात चालत नाही." आणि पळाला, जॅकेटची चेनही न लावता.

चालत नाही म्हणजे काय? तांदूळ, पाणी, मीठ. ह्यात न चालण्यासारखं काय आहे? काल दारात डबा दिला तेव्हा आँटी किती खूश झाल्या होत्या. "रोटी?" म्हणाल्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, साधी नाही, तांदळाच्या पिठाची, आमच्या कोकणातली. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला का? मला आता असं वाटतंय की उतरला होता. की आज डबा परत आला म्हणून वाटतंय, कोण जाणे.

काल सकाळी साडेसहाला उठून उकड काढली होती. गरम असतानाच मळावी लागते, तळहात अजून लाल आहेत. पहिली तव्यावर फुटली ती उभ्याउभ्या मीच खाल्ली. पुढच्या पाच ओळीने टम्म फुगल्या. लिबर्टी अॅव्हेन्यूवरच्या दुकानातल्या पिठाच्या अशा पाच सलग फुगणं हा योग माझ्या हाताला वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि तो मी दुसऱ्याच्या दारात नेऊन दिला.

अकरा वर्षं झाली न्यूयॉर्कच्या ह्या गल्लीत. बर्फ पडला की त्यांच्या पायऱ्या आधी साफ होतात, मग आमच्या. त्यांच्या गोळ्या आणायच्या, त्यांचा फोन बिघडला की मी. आणि माझ्या पाच भाकऱ्या...

जाऊ दे. झोपते.

सोमवार

हा म्हणाला, "अगं, खाऊन टाक, विषय संपव." पुरुषांचे विषय असे खाऊन संपतात.

दोन खाल्ल्या, तूप लावून, शेकून. कडक झाल्या होत्या, पण चांगल्या लागल्या. मग पुन्हा तेच. एखाद्याने दिलेलं आवडलं नाही तर माणूस गुपचूप कचऱ्यात टाकतो आणि "छान होतं हो" म्हणतो. एवढं खोटं तर मीही दर आठवड्याला बोलते. त्यांनी माझ्यासाठी तेवढंही केलं नाही?

मला लागलंय ते भाकरीमुळे नाही. म्हणजे भाकरीमुळेही आहे. पण ह्या गल्लीत माझं म्हणावं असं एकच दार होतं. चिरंजीव तीन वर्षांचे असताना कुंपणावरून त्यांना "आजी" म्हणून हाक मारून मोकळे झाले आणि त्या बाई जागच्या जागी रडायला लागल्या. आँटी मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या. त्यांच्याकडेही वडिलांची आई म्हणजे आजीच, आणि वडिलांचे वडील आजा. 1838 साली पहिली जहाजं कलकत्त्याहून ऊस तोडायला माणसं घेऊन ब्रिटिश गयानाला गेली. 1917 पर्यंत जवळजवळ 2 लाख 40 हजार माणसं गेली, बहुतेक बिहार-पूर्वांचलाकडची. त्यांची भोजपुरी गेली, हिंदी देवळापुरती उरली, पण आजी उरली. आणि तवा, बेलना, कढाई. स्वयंपाकघर शेवटी बुडतं बहुतेक.

मी त्यांना गयाना म्हणजे गावस्कर एवढंच सांगू शकले होते. 1971, जॉर्जटाउनचं बोर्डा मैदान, 116, पहिलं कसोटी शतक. बाबा गिरणीतून आले की हे आकडे जपासारखे म्हणायचे. तर आँटी म्हणाल्या, आमच्या गावचा रोहन कन्हाय! पोर्ट मोरंटचा. गावस्करने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्याच्यावरून, हे मला माहीत होतं, पण कन्हायचं गाव म्हणजे आँटींचं गाव हे कुठे माहीत होतं? त्या दिवशी आम्ही दोघी, क्रिकेटमधलं काही न कळणाऱ्या, अर्धा तास क्रिकेटवर बोललो.

आणि आता डबा परत.

बुधवार, उशिरा

गेले. जाणार नव्हते, पण बॅरल भरायचा दिवस होता. दरवर्षी नाताळाच्या आधी मी मदतीला असते, आणि न जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं.

बॅरल म्हणजे गयानाला पाठवायचं निळं प्लास्टिकचं पिंप, माझ्या छातीपर्यंत येणारं. बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवलेलं असतं, महिनाभर, लग्नघरातल्या रुखवतासारखं. जो येतो तो काहीतरी आणून टाकतो. भरायची रीत ठरलेली. साबण वेगळ्या पिशवीत, तीनदा बांधून, नाहीतर सगळं जेवण लक्सच्या वासाचं होतं. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत टूथपेस्ट. पोकळी म्हणून कुठे ठेवायची नाही, कारण जहाजाचं भाडं पिंपावर असतं, वजनावर नाही. खाली जड. दुधाची पावडर, तेल, सार्डिनचे डबे.

आणि सगळ्यात तळाशी मैद्याच्या दोन पिशव्या.

मी दरवर्षी त्या पाहते. आज पहिल्यांदा विचारलं, "तिकडे मैदा मिळत नाही का आँटी?"

"मिळतो. आता सगळं मिळतं." आणि मग पिंपात वाकूनच, माझ्याकडे न बघता, "तुझी रोटी परत पाठवली म्हणून रागावलीस ना, बेटी?"

मी नाही म्हणाले. अर्थातच.

मग त्या सांगत बसल्या. बॅरल राहिलं बाजूला. 1982च्या सुमारास त्यांच्या सरकारने परदेशी गहू-पीठ आणायला बंदी घातली. देशात गहू पिकत नाही, म्हणजे पीठच बंद. वाटाण्याची डाळ बंद, बटाटे बंद, सार्डिन बंद. परकीय चलन संपलं होतं. बॉक्साइटच्या खाणी सरकारने घेतल्या 1971 साली, बुकर कंपनीचे ऊसमळे 1976 साली. आता आपलं आपल्या हातात, असं वाटलं लोकांना, आणि वाटणं चूक नव्हतंच. दीडशे वर्षं एक कंपनी इतकं ओरपत होती की लोक ब्रिटिश गयानाला बुकरचं गयाना म्हणायचे. पण साखर 1971 साली साडेतीन लाख टनांवर होती ती घसरतच गेली, निवडणुकांत हेराफेरी, तेल महाग, कर्ज वर. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बर्नहॅमसाहेब म्हणाले, तांदूळ आपला आहे, तांदळाचं पीठ खा.

म्हणजे तांदळाच्या पिठाची रोटी. आँटींच्या आईने ती रोज केली. मोडायची, तव्याला चिकटायची. (उकड काढायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नसणार, हा विचार मला त्याही क्षणी आला. लाज वाटते लिहायला.) त्यांची रोटी तव्यावरून काढली की दोन्ही हातांच्या ओंजळीत टाळी वाजवल्यासारखी आपटायची असते, पदर सुटेपर्यंत. तांदळाच्या रोटीला टाळी दिली की भुगा. "घरात टाळीचा आवाज येईनासा झाला," म्हणाल्या.

आणि देवाचं. त्यांच्याकडे कथेचा परसाद म्हणजे तुपात भाजलेलं गव्हाचं पीठ, साखर, दूध. आपल्या सव्वाच्या शिऱ्यासारखंच, फक्त रव्याऐवजी पीठ. पीठ घरात सापडलं तर गुन्हा. परसादाचं पीठ आईने उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवलं होतं. कोरंटाईन नदीच्या पलीकडे सुरीनाम, तिथून रात्री होडीने चोरून पोती यायची. त्या वाटेला त्यांच्याकडे बॅकट्रॅक म्हणतात. त्यांचा मोठा भाऊ जायचा. एका रात्री पोलीस...

तिथे थांबल्या. मग म्हणाल्या, "मुलाची परीक्षा कशी झाली?"

मी म्हटलं, बरी झाली.

1984 मध्ये त्या इकडे आल्या. पुढे एकेक करून बाकीचेही. आता देशात नऊ लाखांच्या आत माणसं आणि बाहेर, म्हणतात, जवळजवळ तेवढीच, न्यूयॉर्कला, टोरांटोला, लंडनला. शिकलेल्यांचं तर विचारूच नका. नर्स आणि शिक्षिका तर आमच्या ह्या दोन गल्ल्यांतच भरपूर आहेत. मागे राहिली एक बहीण, जिच्यासाठी हे पिंप. तिचे यजमान स्केल्डनच्या साखर कारखान्यात होते. 2009 साली तिथे चिनी कंपनीकडून नवा कोरा कारखाना बांधून घेतला, थाटात उद्घाटन झालं. 2017 संपता संपता बंद. युरोपने साखरेचा हमीभाव काढून घेतला होता, आणि यंत्रं पहिल्यापासून धड चालली नव्हती म्हणे.

भाचा फोन करतो, परत ये मावशी, आता आपल्याकडे तेल सापडलंय. खरंच सापडलंय, 2015 साली, समुद्रात, आणि 2019च्या डिसेंबरपासून निघतंय. त्यांची अर्थव्यवस्था एका वर्षात साठ टक्क्यांनी वाढल्याचं मीही वाचलं होतं. कामाला आता व्हेनेझुएलाची माणसं येतात. आँटी म्हणाल्या, "तेल आलं. आता तळायला माणसं कुठून आणणार?" आणि स्वतःच खो-खो हसल्या, पिंपाच्या काठाला धरून.

गुरुवार

झोप नाही.

डोक्यात आँटी नाहीत, बाबा आहेत. गिरण्यांचा संप जानेवारी 1982 चा. मी दुसरीत. लालबागची खोली तशीच ठेवून आम्ही गावी गेलो, ते दीड वर्ष. कुळथाची पिठी आणि भात, रात्री पिठी आणि पेज. मला ती आवडायची, अजून आवडते. बाबांनी पुढे पंचवीस वर्षांत एकदाही ताटात घेतली नाही. आई करायची, आम्ही भुरकायचो, ते उठून गॅलरीत जायचे. एकदा मामीने, तिला काही माहीत नाही बिचारीला, मुंबईला येताना गावचं कुळथाचं पीठ आणलं, प्रेमाने. बाबा म्हणाले, "हे परत घेऊन जा."

मामी किती दिवस बोलली नव्हती आमच्याशी. आम्ही सगळे बाबांवर चिडलो होतो. माणसाला काय कळतं की नाही, वगैरे.

मला जुळवाजुळव करायची खोड आहे, हे मला ठाऊक आहे. इकडे 1982, तिकडे 1982, चला, मांडला हिशोब. पण आम्हाला पीठ ठेवल्याबद्दल कुणी पकडलं नाही, आणि त्यांच्याकडे संप नव्हता. बाबा परत मुंबईला आले, गिरणीत नाही, एका इमारतीच्या फाटकावर. आँटींना फाटकसुद्धा दुसऱ्या देशात शोधावं लागलं. गावच्या घराची किल्ली आमच्या शेजाऱ्यांकडे आहे, गणपतीला उघडतं. पोर्ट मोरंटच्या घराचं काय झालं ते त्या सांगत नाहीत. बहीण तिथे राहत नाही, एवढं कळलंय.

म्हणजे मी मामी झाले. हे काही मी ठरवून झाले नाही. आणि मामीने दोन-तीन वर्षं अबोला धरला होता, मी तीन दिवसांतच आटपलं, एवढी प्रगती म्हणायची.

तरी एक सांगते. त्यांनी उकड काढलेली भाकरी खाल्लेली नाही. खाल्ली असती तर... नाही. हा विषय इथे बंद.

शनिवार

बॅरलवाला सकाळी आला. झाकण बसेना, तेव्हा चिरंजीवांना वर बसवलं आणि मी कडं आवळलं. तळाशी मैदा आहेच. बहिणीच्या घरापासून शंभर पावलांवर दुकान आहे, तिथे तोच मैदा मिळतो, कदाचित स्वस्त. आँटींनाही माहीत आहे, बहिणीलाही माहीत आहे. मी काही बोलले नाही.

मग घरी येऊन पोळ्या केल्या. गव्हाच्या. आम्ही भातखाऊ, माझ्या पोळ्या म्हणजे नकाशे. पहिल्या दोन ऑस्ट्रेलिया, तिसरी बरी आली, चौथीवर घरातले हसले. त्यातल्या त्यात बऱ्या पाच निवडल्या. तव्यावरून काढताना हातात घेऊन टाळी वाजवून पाहिली, तर हात भाजला आणि पोळीचा पदर एका ठिकाणीच सुटला. लाटताना तेल लावायला हवं होतं बहुतेक, त्या लावतात.

पंच्यात गुंडाळून त्याच डब्यात घालून मुलाला पाठवलं. म्हटलं, सांग, गव्हाच्या आहेत.

तो परत आला. म्हणाला, आजीने दारातच डबा उघडला, एक काढली आणि खूप वेळ बघत बसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या आईला सांग, इकडे येऊन शीक."

मंगळवार

डबा अजून परत आलेला नाही.

चांगला होता तो, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. आईने दिलेला.