धोक्याचा निरोप बंदरापर्यंत पोचवताना

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा आमच्या दापोली-मंडणगड भागातली वीज कित्येक आठवडे गेली होती. मोबाइलचे टॉवरही बंद. चालू होते ते फक्त सेलवरचे रेडिओ. मी इथल्या एका सामुदायिक रेडिओवर निवेदन करते. हवामान खात्याचा इशारा आम्ही नेमाने वाचायचो, पण तो ऐकून एक तरी होडी थांबते का, हे कोणी विचारलंच नव्हतं. ते विचारायला मी जेटीवर जायला लागले.

आमचा मजकूर असा असायचा: ‘दक्षिण कोकण किनाऱ्यावर ताशी 45 ते 55 किमी वेगाने वारे वाहण्याची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, “ताई, वारा किती ते आम्हाला दर्यावर कळतंच. तो कुठल्या बंदरापासून कुठपर्यंत आणि कधी, ते सांगा. दर्यात आत असलेल्याने परत फिरायचं का जवळची खाडी धरायची, ते सांगा.” मग मजकुराचा क्रमच बदलला. आधी काय करायचं, मग कुठे आणि केव्हापासून, बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय, आणि वाऱ्याचा आकडा शेवटी. इशारा किती वाजता निघाला तेही सांगायला लागलो, नाहीतर कालचंच आज फिरत राहतं. अधिकृत पत्रकात नसलेला आकडा मात्र घालायचा नाही, हे पक्कं.

वेळेचा प्रश्न जास्त अवघड निघाला. आम्ही सकाळी वाचायचो. पण होड्या पहाटे सुटतात आणि बर्फ, डिझेल आदल्या संध्याकाळीच भरलं जातं. एकदा त्यात पैसे गुंतले की थांबायला मन होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. म्हणून इशारा बर्फ भरायच्या आधी, दुपारीच जायला हवा. त्यासाठी पत्रक आमच्यापर्यंत लवकर यायला हवं होतं. एका कार्यालयात ते कोणी पाठवायचं यावरच किती दिवस गेले. शेवटी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी स्वतः पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ते थेट येऊ लागलं.

आमचं प्रक्षेपण 100 वॅटचं. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगराआड आणि क्षितिजापलीकडे पोचत नाहीत. लांब गेलेल्या ट्रॉलरला आमचा आवाज मिळणं शक्यच नाही. आकाशवाणीचं मध्यम लहरीवरचं प्रक्षेपण खाऱ्या पाण्यावरून कितीतरी लांब जातं, म्हणून आम्ही प्रत्येक इशाऱ्यानंतर तेही लावायला सांगतो. उरलेलं काम वायरलेसचं. जेटीवरचा एक जण आमचा इशारा ऐकून व्हीएचएफ या बोटींवरच्या वायरलेसच्या 16 नंबर चॅनेलवर बोटींना हाक देतो, मग ठरलेल्या दुसऱ्या चॅनेलवर पूर्ण निरोप सांगतो. ऐकणारा तांडेल तोच निरोप आणखी आतल्या बोटीला देतो. निरोप पोचल्याचं उलट कळवायचं, ही अट तांडेलांनीच घातली. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान चक्रीवादळात समुद्रावर असलेल्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. या बंदरांत ते कोणी विसरलेलं नाही.

बोटींवरचे बरेच खलाशी नेपाळचे, काही कर्नाटकातले. म्हणून मराठीनंतर तोच इशारा हिंदीतही देतो. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, देवगड बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशी गेले. तेव्हापासून ‘बोट बांधली तरी रात्री बोटीवर कोणी झोपू नका’ हे वाक्य प्रत्येक वादळी इशाऱ्यात असावं असा मी आग्रह धरला. सुरुवातीला काही मालक कुरकुरले, कारण बोटीवर राखण लागते. त्यावर सोसायटीने धक्क्यावर राखणदारांची पाळी लावली.

धोका टळला की तेही तितक्याच ठळकपणे सांगतो. घरी बसलेल्या खलाशाची रोजची मजुरी बुडत असते. आणि इशारा उठल्याचं वेळेवर कळलं, तर पुढच्या इशाऱ्याला तो थांबतो, हे मी स्वतः पाहिलंय.

लहान होड्यांवर मात्र अजून वायरलेस नाही. चार्जिंगचे रेडिओ खारट हवेत लवकर खराब होतात, म्हणून सेलवर चालणारे साधे संच प्लास्टिकच्या डब्यात भरून द्यावेत, असा प्रस्ताव सोसायटीपुढे ठेवलाय. यंदा 1 ऑगस्टला मासेमारी सुरू व्हायच्या आत तो मंजूर करून घ्यायचाय.