तुम्ही विचारलंत म्हणून: जहाज गोदीत कधी पाठवावे?

थोडेफार नुकसान झालेले जहाज लगेच गोदीत धाडावे, की हाती घेतलेली मोहीम आटोपेपर्यंत तसेच रेटावे, असे मला वारंवार विचारले जाते. हा प्रश्न ‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ या २००९ साली आलेल्या संगणक-खेळाविषयी असतो. डिसेंबर १९४१ पासूनचे पॅसिफिक महासागरातले युद्ध त्यात एकेका दिवसाच्या डावाने पुढे सरकते आणि जवळजवळ प्रत्येक जहाजाची दुखणी खेळणाऱ्यालाच काढावी लागतात. माझे उत्तर असे, की नुसता नुकसानीचा टक्का पाहून हा निर्णय करू नये. नुकसान कोणत्या जातीचे आहे आणि ते भरून काढणारी गोदी किती लांब आहे, हे पाहावे.

जहाजाच्या माहितीत यंत्रणा, तरंगक्षमता आणि इंजिन यांच्या नुकसानीचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात आणि खरी मेख त्यांतल्या ‘मेजर’, म्हणजे गंभीर, वाट्यात असते. समजा, दोन क्रूझर (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आहेत. पहिलीच्या यंत्रणेचे नुकसान १८ आहे, पण त्यात मेजर काहीच नाही; ती बऱ्यापैकी बंदरात विसावली की मुख्यतः आपल्या खलाशांच्या हातूनच पुष्कळ सावरते. दुसरीच्या तरंगक्षमतेचे नुकसान अवघे ९, पण त्यातले ६ मेजर. नवखा खेळाडू दुसरीला लढाईवर ठेवतो आणि पहिलीला हजारो मैल मागे पाठवतो. मी नेमके उलट करतो, कारण ते सहा आकडे गोदीवाचून हलत नाहीत.

जवळपास गोदीच नसेल तर टप्प्याटप्प्याने जावे लागते, आणि याचा उत्तम धडा ‘न्यू ऑर्लिन्स’ या अमेरिकन क्रूझरने घालून दिला आहे. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री सॉलोमन बेटांजवळच्या तासाफारोंगाच्या लढाईत टॉर्पेडो लागून तिचा पुढचा सुमारे १५० फुटांचा भाग तुटून गेला. जवळच्याच तुलागी बेटाच्या बंदरात खलाशांनी नारळाच्या ओंडक्यांचा तात्पुरता बांध घालून तिचे तोंड बंद केले, त्या अवस्थेत ती सिडनीला पोहोचली, तिथे तिला कामचलाऊ नाळ (जहाजाचे पुढचे टोक) बसवण्यात आली, आणि मग कुठे १९४३ च्या मार्चमध्ये ती कायमच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्युजेट साउंडकडे निघाली. खेळातही हाच क्रम पाळावा. आधी पाणी थोपवायचे, दुरुस्ती-नौका असलेल्या बंदरात धक्क्याला लावून जेवढे जमेल तेवढे करून घ्यायचे, आणि लांबच्या प्रवासाला त्यानंतरच, तोही सावकाश वेगाने व सोबतीला विनाशिका देऊन, काढायचे.

गोदी गाठली तरी प्रश्न संपत नाही, कारण तिची क्षमता ठरलेली असते आणि दाराशी रांग असते. ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकन विमानवाहू नौका कोरल समुद्रातल्या लढाईनंतर २७ मे १९४२ रोजी पर्ल हार्बरला आली, तेव्हा कामाचा अंदाज तीन महिन्यांचा होता. ३० तारखेला ती मिडवेकडे रवाना झाली. एवढीच गोष्ट ऐकून पुष्कळांना वाटते, की खेळात दुरुस्तीचा अग्रक्रम सर्वोच्च केला म्हणजे सगळे साधते. प्रत्यक्षात ती लढण्यापुरतीच दुरुस्त झाली होती, तिचे काही बॉयलर तसेच नादुरुस्त राहिले, आणि गोदीतली माणसे तिच्यावर जुंपली गेली होती. म्हणून अग्रक्रम एकाच जहाजाला द्यावा, आणि तोही ज्या लढाईसाठी द्यायचा तिची तारीख ठरली असेल तरच.

अपग्रेडचा हिशेब मी याच यादीत धरतो. जुन्या १.१ इंची विमानविरोधी तोफांच्या जागी ४० मिलिमीटरच्या बोफोर्स येणार म्हटल्यावर हात शिवशिवतात हे खरे, पण एका वर्गाची सगळी जहाजे एकदम अपग्रेडला लावली तर तेवढे दिवस आघाडी उघडी पडते. दोन-दोन पाठवावीत, आणि ज्यांना दुरुस्तीसाठी तसेही जायचेच आहे त्यांची नावे आधी घालावीत.

हिंद महासागरात खेळणाऱ्यांनी मात्र जरा जास्तच जपावे. लहान जहाजांची सोय कोलंबो-मुंबईकडे लागते, पण जबर मार खाल्लेल्या ब्रिटिश युद्धनौकेला मी सरळ केप टाउनची वाट दाखवतो. प्रत्यक्ष युद्धात श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला एक प्रचंड तरंगती गोदी होती, आणि ती बांधली गेली होती आपल्या मुंबईत. ८ ऑगस्ट १९४४ रोजी ‘व्हॅलियंट’ ही युद्धनौका आत असताना गोदीच्या टाक्यांतले पाणी चुकीच्या क्रमाने उपसले गेले, गोदीचा कणा मोडून ती बुडाली, आणि आतल्या बाजूचे दोन प्रोपेलर व एक सुकाणू जायबंदी झालेली ‘व्हॅलियंट’ त्या युद्धात पुन्हा लढाईला उतरली नाही.