उजनी मायनसमध्ये जाते म्हणजे काय

आज भीमेवरच्या उजनी धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो, पाणी लय मागं सरकलंय आणि पळसदेवचं जुनं देऊळ पार उघडं पडलंय, दगडांच्या फटीत गाळ आणि शिंपले अडकलेले. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यात जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी जे वापराच्या हिशेबात धरत नाहीत. पाणी त्याच्याही खाली गेलं की उजनी मायनसमध्ये गेली असं म्हणतात, म्हणून तेव्हाही पाणी दिसतंच! भीमा उगवते भीमाशंकरला, खरा पाऊस तिकडं घाटमाथ्यावर, मग इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड सगळ्या तिला मिळून इथं येतात, म्हणजे सोलापूरची तहान भागते ती पुण्याकडच्या पावसावर. पण त्याच पाण्यातून पुणे शहराचं सांडपाणीही येतं. काठाला हिरवा थर आणि वास, बघून खरंच जीव तुटतो. हेच पुढं लोकांच्या नळाला जातं राव!