विल्बरफोर्सचा कर्नल

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील विल्बरफोर्स या लहानशा गावात कर्नल चार्ल्स यंग यांचे घर आहे. 1889 मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेले ते तिसरे कृष्णवर्णीय अधिकारी. पहिल्या महायुद्धात रक्तदाबाचे कारण दाखवून त्यांना निवृत्त केले गेले, तेव्हा आपण तंदुरुस्त असल्याचे दाखवण्यासाठी 1918 मध्ये त्यांनी घरापासून वॉशिंग्टनपर्यंतचे 497 मैल घोड्यावरून, दर तासाला पंधरा मिनिटे पायी चालत, पार केले. युद्ध संपायला जेमतेम पाच दिवस उरले असताना त्यांना सेवेत परत घेण्यात आले. ही दिरंगाई निव्वळ योगायोगाची होती, असे मला तरी वाटत नाही.

हे घर पूर्वी ओमेगा साय फाय या कृष्णवर्णीय बंधुसंघटनेशी संबंधित संस्थेकडे होते. 2013 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. यंग यांनी जिथे लष्करी शास्त्र शिकवले ते विल्बरफोर्स विद्यापीठ आणि राष्ट्रीय आफ्रो-अमेरिकन संग्रहालय त्याच परिसरात असल्याने, स्मारक सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेने एकट्याने काम करण्यापेक्षा या स्थानिक संस्थांच्या साथीने काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण एकट्या घरातून फक्त अधिकारी दिसतो, त्याला घडवणारा समाज दिसत नाही. ब्रिगेडियर जनरल हे पद मात्र यंग यांना मरणोत्तर, थेट 2022 मध्ये मिळाले.