घरच्याच गावात गाईड लावला: माझा अनुभव

नागपूरची मावशी, म्हणजे आमच्या सासूबाईंची धाकटी बहीण, डिसेंबरात येणार म्हटल्यावर घरात वाद सुरू झाला तो गाईडवरून. नवरा म्हणाला, जन्म गेला कोल्हापुरात आणि आता पन्हाळा दाखवायला माणूस लावायचा, लोक हसतील. मी म्हटलं हसू देत की. तू कसं दाखवतोस माहितीये मला, गाडी लावायची, लांबनं बोट करायचं, हा बघा तीन दरवाजा, की झालं, थेट झुणका-भाकर. आणि मावशी साधी पाहुणी नाही, प्रत्येक दगडाला 'हे कुणी बांधलं' विचारणार, वर तिला महावीर उद्यानातलं फुलांचं प्रदर्शनही बघायचं होतं, दोघी बहिणींना बागेचं प्रचंड वेड. त्यात आईंचे गुडघे. हे सगळं जमवून आणणं आमच्या ह्यांच्या हातातलं काम नव्हतं.

मग शोधाशोध. आधी एका ट्रॅव्हलवाल्याला फोन केला, त्यानं व्हॉट्सअॅपवर लिस्ट टाकली, एका दिवसात अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, परत येताना चप्पल लाईन आणि गूळ. म्हटलं गाईड कोण असेल, तर म्हणाला ड्रायव्हरच सांगतो सगळं. बरं, फुलांचं प्रदर्शन? ते कुठंय, असं त्यानंच मला विचारलं. ठेवला फोन.

शेवटी ओळखीतनं एक नंबर मिळाला. इतिहासात एम.ए. केलेला तरुण मुलगा, हेच काम करतो. मी माझे प्रश्न लिहूनच ठेवले होते: ओळखपत्र आहे का, रेट दिवसाचा की तासाचा, गाडी तुमची की आमची, तिकिटं आणि पार्किंग कुणी भरायचं, जेवणाच्या वेळेचे पैसे लागतात का, आणि दुकानात न्यायचं नाही हे चालेल का. सगळ्याची सरळ उत्तरं दिली. पण मला तो पटला कशामुळं तर त्यानं उलट मलाच प्रश्न विचारले म्हणून. काकूंना किती पायऱ्या जमतात, कुणाला शुगर आहे का, मूर्ती बघायला आवडतात की लढाया ऐकायला, आणि आधी काय काय बघून झालंय. म्हणाला ताई, माहिती काय मोबाईलवर पण आहे, कुठं किती वाजता उभं राहायचं आणि काय सोडून द्यायचं याचे पैसे घेतो मी. हे वाक्य ऐकून नवऱ्यानं तोंड वाकडं केलं पण अॅडव्हान्स त्यानंच पाठवला.

ठरलं सगळं मेसेजवर लिहून घेतलं. तोंडी ठरवू नका, एवढं सांगते. गाडी आम्ही वेगळी केली कारण त्याची मावशीला चढायला उंच होती.

शहराचा दिवस पहाटे अंबाबाईपासून सुरू झाला. मी कित्येक वेळा गेलेय पण कायम रांग, दर्शन, बाहेर, प्रसाद, एवढंच. गाईडनं आधी बाहेरच्या भिंतीपाशी उभं केलं आणि काळ्या दगडातल्या त्या बायका दाखवल्या, वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, एकीचे दागिने दुसरीसारखे नाहीत. मग महाद्वाराकडं तोंड करून किरणोत्सवाचं समजावलं. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं, पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, आणि ढग किंवा धुरकं असलं की किरणं मध्येच अडतात. आम्ही लहानपणापासून ऐकतोय हे, पण ऊन नेमकं कुठल्या वाटेनं येतं ते त्या वाटेवर उभं राहून कधी बघितलं नव्हतं. मावशीनं तिथंच जानेवारीचं विचारायला सुरुवात केली, ते शेवटी सांगते.

टाऊन हॉल म्युझियम सोमवारी बंद असतं म्हणून दिवस त्याप्रमाणं फिरवलेला. तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला कुठं तर पंचगंगेच्या काठावर! १९४५-४६ साली तिथं खणलं, सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं, रोमशी व्यापार होता त्याच्या खुणा निघाल्या. मूर्ती एवढीशी आहे की एकटं गेलं तर पुढं निघून जाल. नवरा पंधरा मिनिटं काचेला नाक लावून उभा. ब्रह्मपुरीच्या बाजूला हा लहानपणी पोहायला जायचा, आणि हे माहीत नाही.

न्यू पॅलेस मात्र आम्ही पटकन उरकला. १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला, मेजर मॅन्टचं डिझाईन, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत ते बघण्यासारखे. पेंढा भरलेले वाघ-बिबटे मात्र मला बघवत नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत, आधीच सांगून ठेवा पाहुण्यांना.

आणि मग फुलं. इथं गाईडनं जे केलं त्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देते. म्हणाला, काकू, फुलातलं मला काय बी कळत नाही, गुलाब लाल असतो एवढंच माहितीये, म्हणून एका मामांना बोलावलंय. हे मामा नर्सरीवाले, आयुष्य रोपात गेलेलं, धोतर-टोपी, आवाज खणखणीत. वेळ पण त्यांनीच ठरवलेली, पहिल्याच दिवशी, परीक्षण उरकून लोकांना आत सोडलं की लगेच. दुसऱ्या दिवशी आलात तर अर्ध्या गुलाबांच्या माना पडलेल्या असतात म्हणे.

एरवी आपण काय करतो, अय्या किती मोठा, फोटो, पुढं. मामांनी एका बक्षीस मिळालेल्या गुलाबापाशी थांबवलं आणि शेजारच्या बिनबक्षिसाच्या गुलाबाशी ताडून दाखवलं. दुसरा मोठा होता, रंग पण जास्त. तरी का नाही? तर तो पूर्ण उमललेला, मधला गाभा उघडा पडलेला. स्पर्धेचा गुलाब अर्ध्याच्या जरा पुढं उमललेला हवा, गाभा मध्यभागी उंच उभा, पाकळ्या भोवतीनं सारख्या सुटलेल्या, देठ सरळ आणि फुलाला पेलणारा, पानं स्वच्छ. स्वच्छ म्हणजे धुतलेली, तेल लावून चमकवलेली नव्हे, ते जजला लगेच कळतं आणि बाद करतात, असं मामा म्हणाले. मावशीनं डायरी काढली. नागपुरात तिच्या गच्चीवर गुलाब आहेत, पुढच्या वर्षी तिकडच्या प्रदर्शनात ती कुणाला तरी रडवणार हे नक्की.

शेवंतीच्या विभागात आईंनी आपलं दुखणं काढलं. आमच्या बाल्कनीत दोन कुंड्या, खत-पाणी सगळं वेळेवर, झाडं कमरेएवढी, आणि डिसेंबर आला तरी कळी नाही. मामांनी खताचं विचारलंच नाही. म्हणाले, रात्री उजेड पडतो काय झाडावर? तर पडतो की! आमच्या बाल्कनीसमोरच नवा एलईडीचा खांब बसलाय. मामा म्हणाले, मग संपलं, शेवंतीला लांब रात्र लागते, दिवस लहान झाले की ती कळी धरते, तुमच्या दिव्यानं तिला वाटतंय अजून उन्हाळाच चाललाय. कुंड्या मागच्या बाजूला न्या, संध्याकाळनंतर काळोख पाहिजे. आणि एकाच काडीवर डब्याच्या झाकणाएवढं फूल हवं असेल तर बगलेतल्या कळ्या दिसल्या की नखानं खुडायच्या, फक्त शेंड्याची ठेवायची. करून दाखवलं त्यांनी, म्हणजे हवेतच, प्रदर्शनातल्या झाडाला हात लावू देत नाहीत. आई परत येताना गाडीत एवढंच बोलत होत्या, बघ, मी म्हणत नव्हते माझं काही चुकत नाहीये.

मामांचे पैसे वेगळे द्यायचे हे आधीच ठरलं होतं, ते घेईनात, मग त्यांच्या नर्सरीतनं रोपं घेऊन हिशेब मिटवला.

खिद्रापूरचा दिवस लांबचा, साठेक किलोमीटर. वाटेत शिरोळकडची पॉलीहाऊस दिसली, त्यातही गुलाब आणि जरबेरा, मावशीला तिथं पण उतरायचं होतं, गाईडनं गोड बोलून पुढं काढलं कारण त्याला दुपारच्या आत कोपेश्वराच्या देवळात पोचायचं होतं. का ते तिथं गेल्यावर कळलं. स्वर्गमंडपाला वर गोल आभाळ उघडं, खाली बरोब्बर तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांबांचं कडं, एकूण खांब ४८, आणि सूर्य वर असताना उन्हाचं वेटोळं त्या शिळेजवळ येतं. आईंना खुर्ची मिळवून दिली आणि त्यांना एकाच जागी बसवून सगळा मंडप सांगितला, आम्ही हिंडत होतो. बाहेर मंदिर पाठीवर घेतलेले हत्ती, ९२ म्हणतात, बहुतेकांच्या सोंडा फुटलेल्या. शिलाहारांनी १२व्या शतकात बांधायला घेतलं, आणि दक्षिण दारापाशी यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा देवनागरी शिलालेख आहे, त्यातली दोन-चार अक्षरं मला चक्क वाचता आली.

मावशीचा प्रश्न आलाच, नंदी कुठंय? नंदी नाहीच इथं. गोष्ट अशी की सती दक्षाच्या यज्ञाला माहेरी गेली ती नंदीवर बसून, तो नंदी नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात, आणि कोपलेल्या शंकराची समजूत काढायला विष्णू आला म्हणून आत दोन लिंगं, कोपेश्वर आणि धोपेश्वर. गाईडनं ही दंतकथा आहे आणि शिलालेख हा पुरावा आहे असं दोन्ही वेगवेगळं करून सांगितलं, हे मला फार आवडलं, नाहीतर आपल्याकडं सगळं एकाच सुरात सांगतात. येताना नरसोबाची वाडी, दत्ताचं दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी. शुगरवाल्या मंडळींनी काय खाल्लं ते लिहीत नाही.

पन्हाळ्याला मात्र त्यानं क्रम असा लावला की माझा नवरा सुद्धा गप्प झाला. आम्हाला वाटलं आधी तीन दरवाजा. त्यानं नेलं अंबरखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती, तीन धान्यकोठारं, नुसत्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. तिथं गारव्यात उभं करून म्हणाला, आता हिशेब करा, खाली सिद्दी जौहर बसलाय, १६६० चा मार्च आलाय, किती महिने दम काढाल? मग अंधार बाव, वरनं साधी इमारत वाटते आणि पोटात विहीर, म्हणजे पाण्याची पण सोय राखलेली. मग सज्जा कोठी. आणि सगळ्यात शेवटी राजदिंडी, जिथनं त्या जुलैच्या पावसात महाराज विशाळगडाकडं निघाले. शिवा काशीद, बाजीप्रभू, सगळं पाठ आहे आपल्याला, पण आधी कोठार आणि पाणी बघून तिथं आलं की वेढा म्हणजे काय ते पोटात कळतं. आईंना राजदिंडी उतरायला लावलं नाही, वरनंच वाट दाखवली. तबक उद्यान सोडलं, सोमेश्वर तलाव गाडीतनं. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आलाय, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक, तर यापुढं शनिवार-रविवार गर्दी वाढणार, तुम्ही मधल्या वारी जा.

एकच कुरबुर, तो बोलायला लागला की थांबत नाही, चहाच्या टपरीवर सुद्धा ताराराणी चालूच. नवऱ्याला ते आवडलं, मला जरा शांत चहा हवा होता.

उरलेले पैसे देताना मावशीनं जानेवारीअखेरचं बुकिंग करायला घेतलं, किरणोत्सवासाठी, अॅडव्हान्स हातात काढून. तो म्हणाला, काकू, त्या दिवशी मला पैसे देऊ नका, गर्दीत मला माझेच पाय दिसत नाहीत, तुम्हाला काय दाखवणार, आवारात स्क्रीन लावतात त्यावर बघा, नाहीतर घरी टीव्हीवर. मावशीनं तरी तिकीट काढलंय.

किरणोत्सवाला आता तिला नवरा नेणार आहे. फुकट.