भुजला गेलेली आमची गोधडी

२६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात चहाचा कप बशीत खडखडला आणि आई ओरडली, भूकंप! गॅस बंद कर आधी! सगळे खाली रस्त्यावर, कोणी टॉवेलवर, कोणी झेंडावंदनाच्या कपड्यात.

दुपारी टीव्हीवर भूकंपात कोसळलेलं कच्छमधलं भुज बघितलं आणि बाबा गप्पच झाले. मग गल्लीत मदत गोळा करायला लागले आणि लोकांनी काय काय दिलं म्हणून सांगू, जरीची साडी, हाय हिल्स, एकाने तर चक्क टाय! आईने मात्र आजीची गोधडी दिली, तिकडे थंडी मरणाची असते म्हणून.

आठवड्याने बाबा ट्रकबरोबर तिकडे जाऊन आले. म्हणाले, कपडे रस्त्याकडेला पडलेत, हाडं मोडलेल्यांना प्लास्टर घालायला जागा नाही, कारण भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलेलं, पेशंट आणि स्टाफसकट. रेडक्रॉसने तंबूत हॉस्पिटल थाटलं होतं. खेड्यातले दवाखानेही गेलेले, म्हणजे साधं इंजेक्शन घ्यायचं तरी कुठे जायचं?

नवं हॉस्पिटल २००४ मध्ये सुरू झालं, पंतप्रधान मदत निधीतून. त्याखाली शिसं घातलेले रबराचे जाडजूड बेअरिंग आहेत, जमीन हलली की धक्का तेच पितात, वर बिल्डिंग सावकाश डोलते. मला विचाराल तर शंभर ट्रक कपड्यांपेक्षा हे भारी.

गोधडी कोणाला मिळाली ते बाबांना आठवत नाही. आई अजून विचारते.