सीपीआरची बाहुली आणि टक् असा आवाज

शिक्षणातली, आरोग्यातली नवीन टेक्नॉलॉजी म्हटलं की लगेच एआय, व्हीआर, रोबोट सुरू होतं, आणि मला त्यात रस नाही असं अजिबात नाही, पण कुठलंही नवीन यंत्र किंवा अ‍ॅप बघितलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, वापरणाऱ्याचं कुठे चुकतंय ते हे त्याला तिथल्या तिथे सांगतं का? सांगत असेल तर माझ्या मते ते कामाचं, नाहीतर कितीही महागडं असू दे, नुसतं शोभेचं.

याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवायची पद्धत) शिकवायची बाहुली, रिससी अ‍ॅन. ही आली १९६० मध्ये. नॉर्वेतले आस्मुंड लेरदाल खेळणी बनवायचे, मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या वगैरे, आणि त्याच काळात पीटर सफार नावाचे डॉक्टर तोंडाने श्वास द्यायच्या पद्धतीवर काम करत होते, छाती दाबून रक्त फिरतं ठेवायची पद्धतही तेव्हाच पुढे आली, पण लोकांना शिकवायचं कसं, धडधाकट माणसाला आडवं करून त्याच्या छातीवर तर सराव करता येत नाही ना! मग खेळण्यांच्या कारखान्यातून ही बाहुली आली. मला हे फार भारी वाटतं, की इतकं मोठं काम एका खेळणीवाल्याच्या हातून झालं.

मी सीपीआरच्या ट्रेनिंगला गेले होते तेव्हा शेजारी एक काकू होत्या. छाती ५ ते ६ सेंटीमीटर आत जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे सरांनी सांगितलं होतं, बोर्डावर लिहिलं होतं, काकूंनी वहीतही उतरवून घेतलं होतं. पण ५ सेंटीमीटर म्हणजे नेमका किती जोर, हे वहीतून कसं कळणार? त्या घाबरत घाबरत दाबत होत्या, "अहो सर, बरगडी मोडली तर?" असं सारखं विचारत होत्या. बाहुलीच्या आत अशी सोय असते की पुरेसं दाबलं की टक् वाजतं, कमी पडलं की गप्प. काकूंची बाहुली गप्पच. सर म्हणाले, "काकू, बरगडी नंतर जुळते, आधी हृदय. कोपर वाकवू नका, खांद्यातून वजन टाका." आणि टक्. परत टक्. काकूंचा चेहराच बदलला हो! बाजूला छोटे दिवे होते, दाबून झाल्यावर छाती पूर्ण वर येऊ देताय की नाही ते त्यावर दिसायचं, तेही तितकंच महत्त्वाचं कारण छाती वर येतानाच हृदयात परत रक्त भरतं.

आता दुसरं टोक बघा. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही योजना निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये मांडली, कल्पना मनापासून चांगली होती, प्रत्येक मुलाच्या हातात स्वस्त लॅपटॉप. पेरूमध्ये ग्रामीण शाळांत ते वाटले गेले आणि मग ३१९ शाळांचा अभ्यास झाला, कॉम्प्युटरचा वापर भरपूर वाढला पण गणित आणि भाषेत फरक काही दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. मूल गणितात अडकलंय कुठे, हे त्या लॅपटॉपला कळत नव्हतं आणि ते बघायला शिक्षकांनाही तयार केलेलं नव्हतं.

उलट साधी कागदावरची चाचणीसुद्धा किती काम करते बघा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की धडा परत परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्यानंतर बघाल तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारी पुढे. यात टेक्नॉलॉजी शून्य. चांगल्या अ‍ॅपने हेच रोज, न कंटाळता करून घ्यावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पण नुसतं "चुकलं" म्हणून सांगणंही पुरत नाही. डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम फोटोवरून ओळखणारं गूगलचं एआय थायलंडच्या क्लिनिकमध्ये वापरून बघितलं, त्याबद्दल २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. जवळपास पाचातला एक फोटो सिस्टिमने नाकारला, कारण काही खोल्यांमध्ये उजेड नीट नव्हता, इंटरनेटही स्लो. म्हणजे फोटो चालत नाही हे नर्सला लगेच कळत होतं, पण ती करणार काय? खोलीतला उजेड बदलणं तिच्या हातात नव्हतं, आणि पेशंटला मात्र दुसऱ्या दवाखान्यात चक्कर. अशी यंत्रं बनवणाऱ्यांनी आधी त्या खोलीत जाऊन दिवसभर बसलं पाहिजे, असं मला फार पोटतिडकीने वाटतं.

आणि जमलंय कुठे, तर एईडीमध्ये, म्हणजे हृदयाला शॉक देणारी ती छोटी पेटी. झाकण उघडा किंवा बटण दाबा, ती बोलायला लागते, पॅड कुठे चिकटवायचे सांगते, हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे कधीही न शिकलेला माणूसही ती वापरू शकतो. हृदय बंद पडल्यावर मदतीशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, त्यामुळे तुमच्या ऑफिसात, स्टेशनवर, जिममध्ये ही पेटी नेमकी कुठे आहे ते उद्याच बघून ठेवा, आणि ट्रेनिंग करून वर्ष झालं असेल तर परत एकदा जाऊन या, कारण हाताची ती सवय काही महिन्यांतच सुटायला लागते.